गॅलनला त्रेसष्ट पॉइंट आठ

मिसेस पॅटिन्सन यांच्या पत्राला कथबर्ट व्हायपंडने उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा नोव्हेंबर चालू होता आणि आता जानेवारीचा शेवटचा आठवडा लागला होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर, शिशाच्या खाणींवरच्या एका जाड पुस्तकात, ते खुणेसारखं उभं होतं. उत्तर त्याने चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. एकतीस वर्षं त्याने फिरत्या ग्रंथालयाची गाडी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर नेली होती, दुसऱ्यांची वाक्यं घरोघरी पोचवली होती. पण स्वतःचं वाक्य कागदावर आलं की दुसऱ्या ओळीलाच त्याला ते खोटं वाटायला लागायचं.

खरं तर मिसेस पॅटिन्सन यांनी फारसं काही मागितलंच नव्हतं. त्यांना फक्त एक आकडा हवा होता.

गोष्ट सुरू झाली ऑक्टोबरात, आणि तीही आकड्यापासूनच. कथबर्टची बायको मेव्हिस उन्हाळ्यापासून केसिकच्या शुश्रूषागृहात होती. त्याच्या गावापासून, ऑल्स्टनपासून, केसिक अडतीस मैल, जाऊन-येऊन शहात्तर. मेव्हिस आता बरंच विसरायची. कधी कथबर्टचं नाव विसरायची, कधी आपलं. पण चुकलेला दिवस मात्र तिच्या अचूक लक्षात राहायचा. तो दारात दिसला की ती विचारायची, "काल कुठे होतास?" आणि काल तो खरंच आलेला नसायचा.

पेन्शनमध्ये त्याला आठवड्याला एक टाकी परवडत होती. त्याची जुनी पेट्रोलची गाडी गॅलनला तेहतीस मैल जायची, म्हणजे एका टाकीत केसिकच्या चार फेऱ्या. उरलेले तीन दिवस मेव्हिस खिडकीशी बसून राहायची. त्याने पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. टाकी पन्नास लिटरची, म्हणजे अकरा गॅलन. सातही दिवस जायचं तर गाडीने गॅलनला अठ्ठेचाळीस पॉइंट चार मैल द्यायला हवेत. जुनी डिझेल गाडी घ्यायची, पण ती खरोखर एवढं देणारी हवी.

"एक गाडी आहे, कंपनीच्या कागदावर बासष्ट लिहिलंय," त्याने डेरेक टीसडेलला सांगितलं. डेरेकचं गॅरेज गावाच्या खालच्या टोकाला होतं, दारात एकच पंप. लहानपणी तो ग्रंथालयाच्या गाडीतून काउबॉयच्या कादंबऱ्या न्यायचा आणि परत द्यायला विसरायचा.

"कंपनीवाले गाडी खोलीत पळवतात, मिस्टर व्हायपंड. खाली रोलर, वर छप्पर. त्यांच्या खोलीत हार्टसाइडचा चढ असतो का?"

"मग खरा आकडा कळायचा कसा?"

"मालकाला विचारा. मालक खोटंच सांगणार. त्यातून दहा वजा करा."

ती गाडी शेजारच्या नेंटहेड गावात होती. राखाडी रंगाची, बारा वर्षांची, मागे सामानाला लांबलचक जागा. मिसेस पॅटिन्सन यांनी तिच्यावरची ताडपत्री काढली, पण गाडीकडे पाहिलं नाही. उंच, सरळ पाठीच्या बाई. हातात ओव्हनमधली भांडी धरायचे जाड हातमोजे तसेच राहिले होते.

"खरं किती देते, ते सांगाल का?" कथबर्टने विचारलं. असले प्रश्न विचारताना त्याचे कान लाल व्हायचे.

"नॉर्मन, माझा नवरा, लिहून ठेवायचा. वही आतच आहे."

"आणि हल्ली गाडी कोण चालवतं?"

"कुणी नाही. तुम्ही रोज कुठे जाणार?"

"केसिकला. बायको आहे तिथे."

"हार्टसाइडवरून?"

"दुसरा रस्ता लांबचा आहे."

व्यवहार झाला. कथबर्टने किल्ली फिरवली, तशी डॅशबोर्डवर घंटी टिंग-टिंग वाजू लागली. शेजारच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही, अशी सूचना. सीट रिकामी होती.

"डावीकडचा पट्टा लावून टाका," मिसेस पॅटिन्सन दारातून म्हणाल्या. "मग गप्प बसते."

वही लाल कापडी बांधणीची होती. घरी आल्यावर कथबर्टने ती चहाबरोबर वाचायला घेतली, आणि चहा निवून गेला. वहीत लिहिणारी त्याच्यासारखीच माणसं होती. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर यांचाही विश्वास नव्हता. टाकी काठोकाठ भरायची, अगदी नळीच्या तोंडाशी डिझेल दिसेपर्यंत. मग गाडी चालवायची. मग त्याच पंपावर, गाडी त्याच उतारावर उभी करून पुन्हा काठोकाठ भरायची. किती लिटर बसले, किती मैल झाले, त्यांचा भागाकार. ग्रंथालयाच्या गाडीवर कथबर्टने एकतीस वर्षं हेच केलं होतं. डिझेल लिटरमध्ये विकत घ्यायचं आणि गॅलनमध्ये भांडायचं, हा या देशाचा रिवाज.

वहीत तीन हस्ताक्षरं होती, एकापाठोपाठच्या तीन मालकांची. पहिलं बारीक, निळ्या शाईतलं. दुसरं ठसठशीत, सगळं मोठ्या लिपीत. तिसरं पेन्सिलीतलं, नॉर्मन पॅटिन्सनचं. तिघांचेही आकडे त्रेचाळीसच्या आसपास सुरू होत होते आणि हळूहळू चढत होते. पहिला त्रेसष्टवर थांबला होता, दुसरा साडेत्रेसष्टवर. नॉर्मनची शेवटची नोंद होती त्रेसष्ट पॉइंट आठ. प्रत्येकानंतर एक कोरं पान. समासात मधूनमधून तेच दोन शब्द, तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले: 'वर थांबलो.'

कथबर्टने त्याचा अर्थ लावला. इंजिन मोकळं झालं असेल, उन्हाळा आला असेल, चालवणाऱ्याचा पाय हलका होत गेला असेल. वर थांबण्याचा आणि डिझेलचा काय संबंध, हे त्याला कळलं नाही. पण न कळलेली गोष्ट आधी तपासून पाहायची, हा त्याचा स्वभाव होता.

पहिला आठवडा तो कुठेही न थांबता गेला. त्रेचाळीस पॉइंट एक. सहा फेऱ्या झाल्या, गुरुवार चुकला.

"काल कुठे होतास?" मेव्हिसने विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात तो थांबला. हार्टसाइडच्या माथ्यावर रस्ता जरा सपाट होतो. कडेला बर्फात रस्ता कळावा म्हणून रोवलेले उंच खांब, पिवळं पडलेलं गवत, वाऱ्याकडे पाठ करून उभी मेंढरं. पश्चिमेला खाली मेल्मर्बीची छपरं आणि हवा स्वच्छ असली तर दूरवर समुद्राची एक पांढरी रेघ. त्याने इंजिन बंद केलं आणि घड्याळ लावून दोन मिनिटं बसून राहिला. तापलेला धातू निवताना होते तशी टकटक झाली. वारा खांबांमधून शीळ घालत होता. बाकी काही झालं नाही. स्वतःचं हसू येऊन त्याने पुन्हा गाडी चालू केली.

सत्तेचाळीस पॉइंट सहा.

तिसऱ्या आठवड्यात एकोणपन्नास पॉइंट दोन. सातही फेऱ्या झाल्या आणि टाकीत थोडं उरलं. त्या शुक्रवारी मेव्हिसने काहीच विचारलं नाही. नुसता त्याचा हात हातात घेऊन बसली, जणू तो कधी गेलाच नव्हता. घरी परतल्यावर दाराशी पत्र पडलेलं होतं.

'प्रिय मिस्टर व्हायपंड,' मिसेस पॅटिन्सन यांनी लिहिलं होतं, 'गाडी गॅलनला किती देते, तेवढंच कळवा. नॉर्मनला ती त्रेसष्ट पॉइंट आठ देत होती. गेल्या मार्चमध्ये ती हार्टसाइडच्या माथ्यावर सापडली. हँडब्रेक ओढलेला, दारं बंद, दोन्ही पट्टे लावलेले. आत कुणी नव्हतं. डोंगर बचाव पथकाने अकरा दिवस शोधलं. नंतर ती अंगणात उभी असायची, आणि किल्ली घरात टांगलेली असताना तिची घंटी वाजायची. मला ते सोसवेना म्हणून मी तिला विकलं. विकायला नको होतं. आकडा पन्नासच्या वर गेला तर लगेच लिहा. मी पैसे परत करीन आणि गाडी मोडीत काढीन.'

कथबर्टने पत्र दोनदा वाचलं. एका दुःखी बाईने एकटेपणात लिहिलेलं पत्र, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग मनात पाकिटाच्या पाठीवरचा हिशेब आला: एकोणपन्नास पॉइंट दोन, सात दिवस. गाडी परत केली तर पुन्हा चार. त्याने पत्र पुस्तकात ठेवलं.

डिसेंबरात थंडी पडली. थंडीत सगळ्यांच्याच गाड्या जास्त पितात.

"माझी व्हॅन पस्तिसावर आलीय," डेरेक म्हणाला. कथबर्ट पंपापाशी वाकून नळीत शेवटचे थेंब सोडत होता. "अहो, डिझेल भरताय की बाळाला बाटलीनं दूध पाजताय? तुमची किती देते?"

"त्रेपन्न."

"उतारावर इंजिन बंद करता काय?"

"नाही."

"मग मीटर बिघडलाय. नाहीतर तुमचा भागाकार. द्या ती किल्ली."

डेरेक गाडी माथ्यापर्यंत नेऊन आला. आल्यावर त्याने घंटी तपासायची म्हणून आपलं तपासणी यंत्र गाडीला जोडलं आणि बराच वेळ त्याच्या पडद्याकडे पाहत राहिला.

"मीटर बरोबर आहे. सीटखाली ओल नाही, तारही धड आहे."

"मग घंटी का वाजते?"

"डावी सीट भरलेली आहे, असं म्हणतंय हे." डेरेकने तोंडावरून हात फिरवला. "जुनी गाडी. पट्टा लावत जा झालं."

त्या दिवशी त्याने दुसरा विनोद केला नाही.

त्याच आठवड्यात मेव्हिस खिडकीतून खाली बघत म्हणाली, "तुझा मित्र आजही वर आला नाही."

"कुठला मित्र?"

"गाडीतला. थंडीत बसवून ठेवतोस बिचाऱ्याला. पण माणूस चांगला आहे, रोज मला हात करतो." तिने हात उंचावून हलवला.

कथबर्ट उठून खिडकीशी गेला. खाली राखाडी गाडी तिच्याकडे तोंड करून उभी होती. काचेवर ढगांचं प्रतिबिंब होतं, त्यामागचं काही दिसत नव्हतं. फक्त डावीकडची काच अर्धी खाली होती. आपण ती वर करून आलो होतो, हे त्याला नक्की आठवत होतं. नंतर तेवढंही नक्की वाटेना.

"कसा दिसतो तो?"

"टोपी घालतो, तपकिरी." मेव्हिस विचार करून म्हणाली. "आणि कानामागं पेन्सिल."

चहा घेऊन आलेली मुलगी हसून म्हणाली, "त्यांनाही वर आणा ना, मिस्टर व्हायपंड. एक कप जास्त करू."

जानेवारीत हेल्म सुटला. या डोंगराचा हा स्वतःचा वारा. माथ्यावर ढगाची एक लांब पट्टी आडवी पडते, हलत नाही, आणि तिच्याखालून वारा पायथ्याकडे कोसळत राहतो. येताना तोच वारा समोरून अंगावर येतो. अशा दिवसांत कथबर्टची ग्रंथालयाची गाडी दीडपट डिझेल प्यायची. ही गाडी मात्र हलकी होत चालली होती. सत्तावन्न. साठ पॉइंट चार. ज्या चढाला त्याला आधी दुसरा गिअर टाकावा लागायचा, तो ती चौथ्यात चढायची, कुणीतरी मागून हात लावल्यासारखी.

एकदा त्याने ठरवलं की वर थांबायचं नाही. माथा आला तसा त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन हळूहळू मंदावलं, खांबांजवळ गाडी आपसूक कडेला गेली आणि बंद पडली. त्याने किल्ली फिरवली. काही झालं नाही. तो घड्याळाकडे बघत राहिला. बरोबर दोन मिनिटांनी इंजिन चालू झालं. या वेळी किल्लीला त्याचा हातही लागला नव्हता.

पुढच्या भरणीला आकडा निघाला बासष्ट पॉइंट नऊ.

त्या गुरुवारी दुपारी, केसिकहून आल्यावर, कथबर्टने पुस्तकातून पत्र काढलं आणि लाल वही शेजारी उघडून ठेवली. त्रेसष्ट. साडेत्रेसष्ट. त्रेसष्ट पॉइंट आठ. आणि तीन कोरी पानं. तो घाबरट माणूस होता, हे त्याला ठाऊक होतं. आयुष्यभर तो सभेत मागच्या खुर्चीवर बसला होता. मेव्हिसला मागणी घालायला त्याला अडीच वर्षं लागली होती, आणि शेवटी तिनेच विचारलं होतं, "तुला काही म्हणायचंय का, कथबर्ट, की मीच म्हणू?"

गाडी परत करता येत होती. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ती खिडकीशी बसेल, आणि खाली कुणी नसेल.

त्याने कागद पुढे ओढला. या वेळी दुसरी ओळ खोटी वाटली नाही.

'प्रिय मिसेस पॅटिन्सन, उत्तराला फार उशीर झाला, क्षमा करा. आकडा पन्नासच्या पुढे गेला तेव्हाच लिहायला हवं होतं. मी घाबरलो होतो, पण गाडीला नाही. तुम्ही ती परत मागाल याला. गेल्या आठवड्यात तिने बासष्ट पॉइंट नऊ दिले. पैसे नकोत. माझ्या बायकोला चुकलेला दिवस लक्षात राहतो, म्हणून मी जात राहणार आहे. तिच्या खिडकीतून गाडी दिसते. गाडीतला एक माणूस तिला रोज हात करतो, असं ती सांगते. तपकिरी टोपी, कानामागे पेन्सिल. तुम्हाला कळावं असं वाटलं. उद्याचा आकडा खाली लिहून मग पत्र टाकीन.'

शुक्रवारी सकाळी त्याने टाकी काठोकाठ भरली. पाचशे बत्तीस मैल. सदतीस पॉइंट नऊ लिटर. भागाकार करायची गरज नव्हती, तरी त्याने केला. मग पत्राच्या तळाशी पेन्सिलीने आकडा लिहिला आणि पाकीट चिकटवलं. खिशात पेन्सिल कुठून आली, हे त्याला आठवेना. तो नेहमी पेन वापरायचा.

"बसा एकदा गाडीत," डेरेक म्हणाला. तपासणी यंत्र त्याने आधीच जोडून ठेवलं होतं. "बसलात? नीट टेकून बसा."

"टेकूनच बसलोय."

डेरेक पडद्याकडे बघत होता. मग त्याने कथबर्टकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे.

"डेरेक?"

"डावी भरलेली म्हणतंय." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "उजवी रिकामी. मिस्टर व्हायपंड, मी सोडतो तुम्हाला केसिकला. माझ्या व्हॅननं. आज, उद्या, रोज. ऐका माझं."

"तुझी व्हॅन पस्तीस देते," कथबर्ट हळूच म्हणाला. "आणि तुला गॅरेज आहे. किती दिवस सोडशील?"

डेरेकने यंत्राची तार काढून घेतली.

"एक पुस्तक राहिलंय माझ्याकडे," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. उद्या आणून देतो. उद्या या हं."

"उद्या शनिवार," कथबर्ट म्हणाला. "बाराच्या आत केसिकला पोचायचं असतं. त्याआधी येईन."

त्याने पट्टा लावला. घंटी वाजली नाही.

गाव संपल्यावर चढ लागायच्या आधी, रचलेल्या दगडांच्या भिंतीत एक लाल टपालपेटी बसवलेली आहे. रस्त्याच्या डाव्या अंगाला. तिच्यात पत्र टाकायचं तर गाडी थांबवायची, उतरायचं, पुढून वळसा घालून पलीकडे जायचं. ग्रंथालयाच्या दिवसांत पावसात तो कितीदा त्या वळशाला वैतागला होता.

गाडी पेटीपाशी थांबली.

कथबर्टने काच खाली केली. गार वारा आत आला. त्याने हात बाहेर काढला आणि पाकीट फटीत सरकवलं. आत, तळाशी, ते पडल्याचा आवाज आला.

हात परत घेताना त्याच्या लक्षात आलं, की आपण उतरलो नाही.

त्याने उजवीकडे पाहिलं नाही. तिथे कागदावर पेन्सिल चालत होती. ती थांबली. वही मिटल्याचा आवाज आला आणि गाडीने पहिला गिअर घेतला, इतक्या हलक्या पायाने की त्याला स्वतःला ते कधी जमलं नव्हतं.

मेव्हिसला हात करायचा, तर काच खालीच राहू दिलेली बरी.